काळ्या वायरीचं दुसरं टोक

रेमुसला स्वस्थ बसणं जमत नसे. दवाखान्यात, चर्चमध्ये, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही बसवा, त्याचे हात काहीतरी उघडण्याजोगं शोधत राहायचे. वय अठ्ठावन्न, रोमानियातल्या तिमिशोआराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं घासलेला माणूस, खिशात कायम तीन स्क्रूड्रायव्हर. शनिवारी दुपारी वेतुरियावहिनींचा फोन आला, "ये आणि सगळं घेऊन जा," असं त्या म्हणाल्या, तेव्हा ह्यानं पुढचं ऐकायच्या आधीच बूट हातात घेतला होता.

"सगळं म्हणजे?"

"सगळं म्हणजे सगळं रे बाबा. ते सात डबे आणि कपाटातली ती घरघरणारी पेटी. कोर्नेलचा चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला, जेवणं झाली, लोक रडून आपापल्या घरी गेले. आणि रोज सकाळी सहा चाळीसला ह्या घरात अजून बँड वाजतो. संडासातसुद्धा. मी मुलाकडे व्हेरोनाला चाललेय, महिनाअखेरीला हे घर दुसऱ्याचं. न्यायचं तर ने, नाहीतर भंगारवाला बोलावते."

भंगारवाला म्हटल्यावर रेमुसच्या काळजात चर्र झालं. पण त्याच्या अर्धा क्षण आधी त्याला आनंद झाला होता, हेही खरं. वीस-बावीस वर्षांपासूनचा मित्र गेला आणि आपल्याला त्याची यंत्रं मिळणार म्हणून आनंद होतो, ह्याची त्याला लाज वाटली. लाजतच त्यानं कपाटातून चार मोठ्या पिशव्या काढल्या.

ही यंत्रं म्हणजे कँटोरा. कपाटात एक पेटी ठेवायची, तिच्यात सगळी गाणी. खोलीखोलीत एकेक प्लेअर. आणि घरातल्या नेटवर्कवरून सगळ्या खोल्यांत एकच गाणं एका सुरात. भांडी घासता घासता न्हाणीत गेलात तरी तान तुटायची नाही. कंपनीनं चौदा वर्षांपूर्वी ती बनवायची थांबवली आणि नंतर स्वतःलाच कुलूप लावलं. तेव्हापासून ज्यांच्याकडे ती होती त्यांचं आयुष्य डॉक्टर आणि कबरखोद्या अशा दोन्ही कामांत जात होतं. एक वाचवायचा तर दुसरा फाडायचा. गावात असे अकरा जण होते, महिन्याच्या पहिल्या गुरुवारी बिअरच्या दुकानात जमायचे आणि बायकांना न कळणाऱ्या भाषेत बोलायचे. आता चार उरले होते.

कँटोराचं दुखणं एकच, डिस्प्ले. काचेच्या नळीतली हिरवट-निळी अक्षरं सतत पेटत राहिली की सात-आठ वर्षांत मंद होतात, मग नुसती सावली उरते. नवा डिस्प्ले जगात कुठेही मिळत नाही. कोर्नेल खोलीतून बाहेर पडताना दिव्याबरोबर डिस्प्लेही विझवायचा, त्यामुळे त्याचे सातही अजून लख्ख होते. रेमुसच्या सहांपैकी तीन आंधळे झाले होते.

ह्या डिस्प्लेपायी त्यानं चार वर्षांपूर्वी एक उद्योग करून ठेवला होता. त्याची मुलगी क्रिना तेव्हा दूर क्लुज शहरात दातांच्या कवळ्या बनवायचं शिकत होती. वर्षातून तीनदा घरी यायची. स्वयंपाकघरातल्या प्लेअरचा डिस्प्ले गेला, तो रोज लागायचा. क्रिनाच्या खोलीतला नुसताच पडून होता. रेमुसनं एका संध्याकाळी तिच्या खोलीतला काढून स्वयंपाकघरात बसवला आणि विसरून गेला. नाताळला ती आली, खोलीत गेली, तर शेल्फवर तिच्या दहाव्या वाढदिवसाचा प्लेअर आणि त्याच्या तोंडावर काळं भोक.

"काढलास?" तिनं विचारलं.

"अगं, तसाही पडूनच होता."

"मीही तिकडे पडूनच असते, बाबा."

इथे शहाणा माणूस गप्प बसला असता किंवा रडला असता. रेमुस म्हणाला, "दुसरा मिळाला की घालून देतो."

दुसऱ्या दिवशी ती बसनं परत गेली. त्यानं दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही; मग ह्यालाही ताठा आला. बायको कधीच स्पेनला जाऊन तिकडची झाली होती, तेव्हा मध्ये पडायला घरात कुणी नव्हतं. त्या भोकाकडे बघवेना म्हणून त्यानं तो प्लेअर कोर्नेलला देऊन टाकला. वीज दिली तरी तो जागा होत नव्हता. "मेलाय," रेमुस म्हणाला होता, "खोक्यासाठी ठेव." क्रिना अजून क्लुजलाच आहे असं तो धरून चालला होता.

वेतुरियावहिनींनी दार उघडलं, कॉफी पुढे ठेवली, ईस्टरचा उरलेला गोड पाव कापला. रेमुसनं उभ्याउभ्याच कॉफी संपवली.

"बस की जरा. यंत्रं पळून जाणार नाहीत."

"नाही, आधी उरकतो."

त्यानं एकेक करून सात प्लेअर बंद केले. स्वयंपाकघर, दोन खोल्या, व्हरांडा, न्हाणी, संडास, बाल्कनी. प्रत्येकाला वहिनींनी दिलेल्या जुन्या टॉवेलात गुंडाळलं. मग कपाटातली पेटी उरली. ती नीट बंद करायची तर आत शिरायला पासवर्ड हवा, आणि तो रेमुसला माहीत नव्हता. पूर्वी होता. दोघे एकमेकांच्या पेट्यांची देखभाल घरबसल्या, फोनवरून करायचे. पण दोन वर्षांपूर्वी कोर्नेलनं अचानक पासवर्ड बदलला, "व्हायरस आला होता" असं काहीतरी पुटपुटला, आणि नवा दिला नाही. रेमुसला ते तेव्हाच लागलं होतं.

"पासवर्ड?" वहिनी म्हणाल्या. "साखरेच्या डब्याच्या बुडाला चिकटवलाय. सगळे तिथेच आहेत. बँकेचासुद्धा."

रेमुसनं डबा उलटा धरून पासवर्ड फोनमध्ये घातला. यादी उघडली. सात नावं राखाडी, म्हणजे बंद. त्यांच्या खाली आठवी ओळ होती. नाव नाही, नुसती एक आडवी रेघ. तिच्यापुढे हिरवा ठिपका. चालू. ह्या क्षणी गाणं वाजतंय, बानातकडच्या सनईसारख्या तारागोतचं, आवाज वीस.

त्यानं कान दिला. घरात फ्रिजशिवाय कशाचाही आवाज नव्हता.

"वहिनी, तळघरातल्या खोलीत एखादा आहे का?"

"तळघरात बटाटे आहेत. सातच आहेत रे, वीस वर्षं धूळ मी पुसलीय." मग त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का?"

"काही नाही. जुनी नोंद राहिली असेल."

रेमुस खोटं बोलायला लागला की उजवा कान चोळायचा, हे गावातल्या सगळ्या बायकांना ठाऊक होतं. वहिनींनी हात पुढे केला, त्यानं मुकाट्यानं फोन दिला. त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा वर सरकवून ओळी मोजल्या. दोनदा मोजल्या.

"आठ," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि हा आठवा कुठेतरी वाजतोय. दुसऱ्या कुणाच्या घरात."

"तसं दिसतंय."

वहिनींनी पावाचा चुरा तळहातावर गोळा केला आणि कुठे टाकावा हे न सुचून तसाच धरून ठेवला. "सकाळी सहा चाळीसला तिथेही वाजत असणार. म्हणजे आम्ही तिघं एकदम उठत होतो."

"वहिनी, तसं काही नसेल. कोर्नेल तसा नव्हता."

"तसा म्हणजे कसा ते मला नको सांगूस. बेचाळीस वर्षं त्याच्याशेजारी झोपलेय." त्या उठल्या, चुरा सिंकमध्ये टाकला. "शोध. तुला वायरी कळतात. बाई असली तर मला येऊन सांग, खरं सांग. कशी आहे, घर टापटीप ठेवते का, सगळं. कान चोळत येऊ नकोस."

रेमुसची घालमेल सुरू झाली, आणि ती वहिनींपुरती नव्हती. कोर्नेलनं बायकोपासून लपवलं ते समजू शकतं, पण माझ्यापासून? मी काय पोलिसात आहे? वीस वर्षं एकेका कपॅसिटरचा हिशेब एकमेकांना दिला आणि हा गृहस्थ एक अख्खा चालू प्लेअर दाबून बसला. दगा वहिनींना दिलाय की आपल्याला, हे रेमुसला ठरवता येईना. तो एखाद्या बायकोसारखाच फुरंगटून बाल्कनीत गेला.

तिथे त्याला वायर सापडली. कपडे वाळत घालायच्या तारेला घट्ट गुंडाळलेली, काळी, उन्हानं भुरकट झालेली. ती कठड्यावरून बाहेर पडून समोरच्या पॉपलरच्या झाडात शिरत होती. ही वायर त्यानं स्वतः टाकली होती, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा तोही ह्याच वस्तीत राहायचा आणि घरोघरी इंटरनेट नव्हतं. वस्तीतल्या पोरांनी आणि बापांनी मिळून इमारतीवरून इमारतीवर वायरी फेकल्या होत्या, चाळीस घरं एकमेकांना जोडली होती. रेमुस आणि कोर्नेलची दोस्ती तिथलीच, एक गच्चीवर आणि दुसरा झाडावर. नंतर त्या सगळ्या वायरी निघाल्या. ही एक कपड्यांच्या तारेत लपून राहिली होती.

तो खाली उतरला आणि मान वर करून चालायला लागला. झाडातून वायर पुढे दुसऱ्या पॉपलरवर जात होती, तिथून बारा नंबरच्या इमारतीच्या गच्चीवर. वाटेत एका कुत्र्यावर पाय पडता पडता वाचला. एका सायकलवाल्यानं शिवी घातली. गच्चीच्या कोपऱ्यावर जुन्या, मेलेल्या वायरींचा एक मोठा गुंता लोंबत होता, आणि त्यात ती काळी वायर दिसेनाशी झाली. पाच मजले, चार जिने. ऐंशी घरं.

बारा नंबरच्या दाराशी बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर सूर्यफुलाच्या बियांची पुडी. ह्या बाकावर गेली तीस वर्षं सोफिकाकाकूच बसायच्या आणि इमारतीत कोण आलं, कोण गेलं, किती पिशव्या घेऊन गेलं, हे त्यांना तोंडपाठ असायचं. वायरी टाकायच्या दिवसांत त्यांनीच गच्चीची किल्ली द्यायला नकार दिला होता.

"आकाशात काय शोधतोस रे?"

"वायर, काकू."

"अजून? तुम्हा लोकांचं अजून संपलं नाही का? तेव्हाही माझ्या खिडकीवरून फेकली होतीत."

रेमुस बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला, लगेच उठला, परत टेकला. मग त्याला युक्ती सुचली. पेटीत तर आपण शिरलोय. आठव्याचा आवाज वाढवला की कुठून ऐकू येतं ते कळेल. बोटानं त्यानं वीसचे ऐंशी केले.

कुठल्यातरी खिडकीतून तारागोत एकदम किंचाळला. दोन इमारतींच्या मध्ये आवाज इकडून तिकडे आपटला, कबुतरं उडाली. रेमुस मान गरगरा फिरवत उभा राहिला. पण वरच्या मजल्यांवरचं काहीच कळेना, आणि तेवढ्यात आवाज गप्प झाला. फोनवर ऐंशीचे पंधरा झाले होते. कुणीतरी कमी केला होता.

त्यानं परत ऐंशी केले. पंधरा झाले. नव्वद केले. शून्य झालं. रेमुसला चेव चढला. त्यानं पुन्हा वाढवला, तिकडून पुन्हा कमी झाला, आणि कुठेतरी एक खिडकी धाडकन लागली.

"बायकांच्या खोड्या काढायचं वय राहिलं नाही तुझं," सोफिकाकाकू म्हणाल्या. त्यांना काय चाललंय ते नक्की कळलं नव्हतं, पण कुणीतरी कुणाचीतरी खोडी काढतंय एवढं कळलं होतं.

"बाईच आहे का तिथे?"

"मी कुठे काय म्हटलं?"

आठव्यापुढचा ठिपका आता पिवळा झाला. तिकडच्या माणसानं प्लेअर थांबवला होता. रेमुसनं चिडून त्या ओळीवर बोट दाबून धरलं आणि यंत्राची माहिती उघडली. हे त्यानं वहिनींच्या घरातच करायला हवं होतं. पण तो रागावला होता, आणि रागावलेला माणूस आधी झाडावर चढतो, मग डोकं वापरतो.

प्रत्येक कँटोराच्या पोटात कारखान्यातच एक बारा अक्षरी क्रमांक घातलेला असतो. दोन यंत्रांचा एकच कधी नसतो. इतर लोकांना वाढदिवस पाठ असतात, रेमुसला हे पाठ असायचे. त्यानं शेवटची चार अक्षरं वाचली. सात, एफ, शून्य, नऊ.

त्यानं परत वाचली. हा त्याचाच होता. क्रिनाच्या दहाव्या वाढदिवसाचा. ज्याला त्यानं मेलाय म्हणून देऊन टाकलं होतं, तो वर कुठेतरी तारागोत वाजवत होता.

म्हणजे कोर्नेलनं तो दुरुस्त केला. आणि दिला कुणाला? रेमुसच्या मनात जे उत्तर यायला लागलं ते त्यानं आधी ढकलून दिलं. ती क्लुजला आहे. चार वर्षांत माणूस गाव बदलतो हे खरं, पण कुणीतरी सांगितलं असतं. कोर्नेलनं सांगितलं असतं. मग त्याला बदललेला पासवर्ड आठवला.

"काकू," त्यानं विचारलं, आणि त्याला स्वतःचा आवाज परका वाटला, "इथे नवीन कोण राहायला आलंय? म्हणजे दोनेक वर्षांत."

"दोन नंबरच्या जिन्यात, चौथ्या मजल्यावर. एकटीच असते. गुणी पोर आहे, जिना धुवायला कुणी सांगावं लागत नाही. आज काय भूत शिरलंय तिच्या घरात कोण जाणे, एवढा गोंगाट." काकूंनी तोंडात बोट घालून ओठ बाजूला ओढला. "हे बघ. माझी कवळी रुतायची, तिनंच घासून दिली. पैसे नाही घेतले. कोर्नेलनं ओळख करून दिली होती, देव त्याला शांती देवो."

रेमुस उठला. दोन नंबरच्या जिन्याशी बटणांची पाटी होती. चौथ्या मजल्यावरच्या तीन बटणांपुढे नावं होती आणि चौथ्यापुढे कोरा कागद. त्याला मनापासून भीती वाटत होती. तिच्या रागाची नाही. ती 'कोण' म्हणेल आणि आपल्याला नीट उत्तर देता येणार नाही, ह्याची. त्यानं बटण दाबलं.

"कोण?" ती म्हणाली. तीच होती.

"आवाज मी वाढवत होतो."

पाटीतून खरखर आली. मग ती म्हणाली, "मला वाटलं, बिघडला. मला वाटलं, कोर्नेलकाका गेले आणि आता हाही गेला."

"नाही. चांगला आहे तो."

"तू सांगतोस म्हणजे मेलाच असेल," ती म्हणाली, आणि दार उघडल्याचा गुरगुराट झाला.

चौथ्या मजल्यापर्यंत रेमुस एकदाही थांबला नाही, मग दारापुढे तीन मिनिटं थांबला. तिनंच दार उघडलं. केस कापले होते, नाकावर कवळ्यांच्या साच्याच्या प्लास्टरची पांढरी भुकटी होती. तिनं त्याला आत येऊ दिलं, पण बस म्हणाली नाही. त्यालाही ते बरं वाटलं.

खिडकीखाली शेल्फवर प्लेअर होता. तोंडावर तेच काळं भोक. कोर्नेलनं त्यावर कार्डबोर्डचा एक चौकोनी तुकडा नीट कापून बसवला होता.

"मी कोर्नेलला सांगितलं होतं की हा मेलाय," रेमुस म्हणाला.

"फ्यूज गेला होता. काकांनी फ्यूज बदलला आणि सुरू झाला. तू फ्यूज बघितला नव्हतास?"

त्यानं बघितला नव्हता. अख्ख्या गावाची यंत्रं उघडणाऱ्या माणसानं आपल्या मुलीच्या यंत्राचा फ्यूज बघितला नव्हता, कारण तो मेलेला असणं त्याला सोयीचं होतं. हे त्यानं तिला सांगितलं. ह्याच शब्दांत नाही, अडखळत, पण सांगितलं. ती ऐकत होती आणि नाकावरची भुकटी पुसायचा प्रयत्न करत होती, त्यामुळे ती गालभर पसरली.

"दोन वर्षं झाली मला येऊन," ती म्हणाली. "काका बाजारात भेटले. मी म्हटलं, बाबांना सांगायचं नाही. ते म्हणाले, बरं. घरी इंटरनेट नव्हतं तेव्हा, म्हणून त्यांनी गच्चीवरची ती जुनी वायर माझ्या खिडकीपर्यंत ओढली. सत्तर वर्षांचा माणूस गच्चीवर चढला होता, मी खाली ओरडत होते. रोज सहा चाळीसला तिकडून वाजायचं, पेटीला तशी वेळच लावून ठेवली होती त्यांनी. मी उठले की इथून मीच आवाज कमी करायचे. त्यांना तिकडे दिसायचं मी उठलेय ते."

रेमुसचे हात खिशात शिवशिवत होते. वेतुरियावहिनींच्या घरी टॉवेलात सात लख्ख डिस्प्ले पडलेत. दहा मिनिटांचं काम आहे. त्यानं जीभ चावली, आणि मग न राहवून बोललाच.

"कोर्नेलचे सातही चांगले आहेत. एक आणून बसवतो. आत्ताच्या आत्ता."

क्रिनाचा चेहरा बंद झाला. चार वर्षांपूर्वी झाला होता तसाच, आणि ह्या वेळी रेमुसला तो दिसला.

"दुसरा नको मला," ती म्हणाली. "माझा आण. आहे ना अजून? स्वयंपाकघरात?"

"आहे. पण तो मंद झालाय गं. रोज लागतो तिथे. अक्षरं धड दिसत नाहीत."

"तोच आण."

तो हो म्हणाला. दुसरं काहीही म्हणाला नाही, आणि त्याच्या आयुष्यात ही मोठी गोष्ट होती.

वेतुरियावहिनी खिडकीत उभ्या होत्या, तो गेला तेव्हा होत्या तिथेच. दार उघडंच होतं. रेमुस आत आला आणि त्यांनी आधी त्याच्या हाताकडे पाहिलं, कानाकडे जातोय का म्हणून.

"सांग."

"माझी आहे."

"काय तुझी आहे?"

"मुलगी. क्रिना. बारा नंबरला राहते, दोन वर्षं. मला माहीत नव्हतं. तिनं सांगू नको म्हटलं आणि त्यानं सांगितलं नाही."

वहिनी खुर्चीत बसल्या. मग त्या रडायला लागल्या, आणि रडता रडता हसायलाही, आणि टॉवेलातल्या एका प्लेअरवर त्यांनी चापटी मारली.

"मेला. केकची रेसिपीसुद्धा पोटात राहायची नाही त्याच्या. आणि हे राहिलं." त्यांनी पदरासारखं ॲप्रनचं टोक डोळ्यांना लावलं. "रेमुस, मी घाबरले होते रे. ह्या वयात मी घाबरले होते. तू गेल्यावर मी आरशात बघून आले, सांगू नकोस कुणाला."

"नाही सांगत."

"घर टापटीप ठेवते का?"

"प्लास्टर सांडलेलं असतं. पण जिना धुते."

रेमुसनं टॉवेल सोडून सातही प्लेअर होते तिथे परत लावले. महिनाअखेरीपर्यंत ते तिथेच राहतील, पेटीही चालू राहील, असं ठरलं. नंतर पेटी रेमुसच्या घरी जाईल. तिकडे क्रिनाला जोडून घ्यायचं की नाही, हे क्रिना ठरवेल. वहिनींना सहा चाळीसचा बँड आणखी तीन आठवडे सहन करावा लागणार होता. संडासातला तेवढा बंद ठेव, एवढंच त्या म्हणाल्या. चार रिकाम्या पिशव्या घेऊन तो घरी गेला.

रविवारी सकाळी सहा चाळीसला त्यानं फोन उघडला. आठवा ठिपका हिरवा होता. चार मिनिटांनी आवाज वीसवरून दहावर आला. ती उठली होती. रेमुसनं फोन ठेवला, स्वयंपाकघरातला प्लेअर टेबलावर घेतला आणि वीज काढली. आधी फ्यूज बघितला, उगीचच. मग चार स्क्रू, पट्टीची वायर, दोन खिट्या. काचेची नळी बाहेर आली तेव्हा तिच्या एका कडेला पेन्सिलनं काढलेलं पुसट फूल दिसलं. क्रिनानं लहानपणी झाकण उघडं असताना कधीतरी काढलं असणार. चार वर्षांपूर्वी त्यानं हीच नळी काढून इथे बसवली होती, आणि त्याला ते दिसलं नव्हतं.

त्यानं नळी हातरुमालात गुंडाळली, त्यावर लोकरी मोजा चढवला आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली. स्क्रूड्रायव्हर टेबलावरच राहिले. ट्रॅममध्ये गर्दी नव्हती, खिडकीजवळ जागा मिळाली. त्यानं दोन्ही हात खिशावर धरले आणि नऊ स्टॉप तो जागचा हलला नाही.